दोनशे पानांची वही

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रसायन कारखान्यात मी सव्वीस वर्षे सुरक्षा विभागात काम केले. त्या काळात एका बैठकीला जाण्याचा मला सुरुवातीला कंटाळा येत असे आणि पुढे तिचेच सर्वांत मोठे ऋण वाटू लागले. ती बैठक लोकल क्रायसिस ग्रुपची, म्हणजे रसायनांच्या अपघाताला तोंड देण्यासाठीच्या स्थानिक गटाची. नियमानुसार असा गट औद्योगिक पट्ट्यासाठी असतो, तो दर महिन्याला भेटावा आणि दर सहा महिन्यांनी एक पूर्ण रंगीत तालीम घ्यावी अशी अपेक्षा असते. त्यात महसूल अधिकारी, फॅक्टरी इन्स्पेक्टर, अग्निशमन दल, पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र आणि कारखानदार हे तर असतातच. पण त्यांच्याशिवाय रसायनांचे वाहतूकदार, वस्तीतील प्रतिनिधी, दोन डॉक्टर, दोन समाजसेवक आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक यांचीही नेमणूक नियमातच सांगितलेली आहे. संपादक कशाला, असे मी नवखा असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले होते. ते म्हणाले, "अहो, गॅस कुठे चाललाय ते आपल्याला वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक सांगतो. बातमी कुठे चाललीय ते कोण सांगणार?"

हे नियम १९९६ चे आहेत आणि त्यांचे मूळ भोपाळमध्ये आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत पसरला, तेव्हा कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसांना आत काय साठवलेले आहे हे ठाऊक नव्हते, आणि नाकातोंडावर ओले फडके धरून वाऱ्याला आडवे चालत जावे एवढी साधी गोष्टही त्यांना कुणी कधी सांगितलेली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियामधल्या कारखान्यातून गळती झाली. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा करून जागोजागी स्थानिक आपत्कालीन नियोजन समित्या नेमणे बंधनकारक केले. मरण आपल्या दारात झाले होते, तरी आपल्याकडे तशी रचना कागदावर यायला आणखी दहा वर्षे गेली. तरीही ती आली, आणि रसायनाच्या अपघाताबाबत आपल्या कायद्याने मान्य केले की भिंतीपलीकडच्या माणसांना आधीपासून सोबत घेतल्याशिवाय त्यांचा जीव वाचवता येत नाही.

साथीच्या बाबतीत मात्र आपण हे मान्य केलेले नव्हते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. चार-पाच कलमांचा तो कायदा सरकारला हुकूम काढण्याचा आणि न पाळणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार देतो. हुकूम ज्यांच्यासाठी काढायचा त्यांच्याशी बोलण्याची कोणतीही सोय त्यात नाही. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण दिले आणि स्थानिक संस्थांवर काही कर्तव्ये टाकली. पण ही वाट महापालिका आयुक्तांपाशी आणि फार तर विभाग कार्यालयापाशी येऊन थांबते. आमच्या कोपरखैरण्यातील सोसायटीच्या गेटपर्यंत त्या दिवसांत जे पोहोचत होते ते आदेशाचे मोबाइलवर आलेले छायाचित्र होते, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

आम्ही तो अर्थ कसा लावला हे लिहिणे मला जड जाते, तरी तेच आधी लिहिले पाहिजे. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या चार विंग आणि शहाण्णव घरांच्या सोसायटीत सात जणांची कोरोना समिती स्थापन झाली. मी सुरक्षा विभागातून निवृत्त झालेला, म्हणून मला त्यात आग्रहाने घेतले गेले. सातही पुरुष, सातही घरमालक, सातही पन्नाशी ओलांडलेले. आमचा पहिला ठराव गेटचा होता: बाहेरचे कुणी आत येणार नाही. घरकाम करणाऱ्या मावशी बंद झाल्या, वर्तमानपत्र बंद झाले, पार्सल गेटवरच ठेवले जाऊ लागले. दुसरा ठराव बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या परिचारिकेविषयी होता. ती एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करत असे. तिच्या घरमालकांना आम्ही पत्र दिले की परिस्थिती निवळेपर्यंत तिच्या निवासाची व्यवस्था रुग्णालयाने करावी. पत्राचा मसुदा माझा होता. भाषा अत्यंत सभ्य होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून ती आली, तेव्हा वॉचमनने समितीच्या सूचनेप्रमाणे तिला गेटवर थांबवले. ती त्याच्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. आम्ही तिघे खाली उतरून तिच्यापासून दहा फुटांवर उभे राहिलो तोवर चाळीस मिनिटे उलटली होती. ती चिडली नाही. ती म्हणाली, "काका, मी ड्युटीवर काय घालते, ते कसं काढते, घरी निघताना काय करते, हे तुमच्यापैकी एकानेही मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळ्यांना शिकवलं असतं." तिचे घरमालक तिच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि बीटवरच्या पोलीस हवालदारांनीही आम्हाला स्वच्छ शब्दांत समज दिली, म्हणून ती राहू शकली. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी आणि छळासाठी कठोर शिक्षेची तरतूद करणारा अध्यादेश केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० रोजी काढला. आमच्यासारख्या सभ्य पत्रे लिहिणाऱ्या सोसायट्या देशभर असल्या पाहिजेत, त्याशिवाय असा अध्यादेश काढण्याची पाळी येत नाही.

सव्वीस वर्षे ज्या बैठकीत मी बसलो होतो तिचा धडा मी स्वतःच्या गेटवर विसरलो होतो. क्रायसिस ग्रुपमध्ये कोण कोण असावे याची लांबलचक यादी नियमांत का दिलेली असते, हे मला त्या सकाळी खऱ्या अर्थाने कळले. समितीत ज्यांना स्थान नसते ती माणसे भीतीच्या काळात समितीच्या डोळ्यांना धोका म्हणूनच दिसतात. त्या संध्याकाळी मी तिची क्षमा मागितली आणि समितीत येण्याची विनंती केली. तिने एक अट घातली: बी विंगमधील भाडेकरू मुलांपैकी एक आणि घरी स्वयंपाकाचे डबे करणाऱ्या एक ताई यांनाही घ्यायचे. समिती दहा जणांची झाली.

वहीची कल्पनाही तिचीच. रुग्णालयात पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला सांगितली जाते, तशी आपल्या इमारतीची माहिती कुणाकडे आहे का, असे तिने विचारले. सेक्रेटरींकडे मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी होती आणि गाड्यांच्या क्रमांकांची यादी होती. माणसांची यादी कुणाकडेच नव्हती. मग दोनशे पानांची एक आखीव वही आणली आणि एका घराला दोन पाने दिली. घरात किती जण, वय काय, मधुमेह, रक्तदाब, दमा आहे का, रोजची औषधे कोणती, ती किती दिवस पुरतील, संडास-बाथरूम जोडलेली वेगळी खोली आहे का, गाडी चालवू शकणारे कोण, अडचणीत कळवायचे तर कुणाला. इंटरकॉमवरून विचारत ही माहिती भरायला अकरा दिवस लागले. वही पूर्ण झाली असे वाटले तेव्हा तिने पाने उलटली आणि विचारले, "वॉचमन कुठल्या पानावर आहे?" पंपरूमच्या बाजूच्या खोलीत राहणारे दोन वॉचमन आणि त्यांच्यापैकी एकाचा मुलगा, ही तीन माणसे आमच्या शहाण्णव घरांत मोजली गेलीच नव्हती.

त्या वहीने जे दाखवले ते शेजारी म्हणून पंधरा वर्षे राहूनही आम्हाला दिसलेले नव्हते. दोघांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते आणि रिक्षा बंद झाल्यापासून ते कसेबसे जात होते. अकरा घरांत एकटी किंवा दुकटी वृद्ध माणसे होती, ज्यांची मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात होती. एका मुलाला फिट येत आणि त्याचे औषध चार दिवसांचे उरले होते. डी विंगमधील एक गृहस्थ एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत, माथाडी कामगार होते. मेमध्ये संसर्ग वाढल्यामुळे वाशीचे ते बाजार ११ ते १७ तारखेपर्यंत बंद ठेवले गेले, तेव्हा मुंबईच्या भाजीची काळजी सर्वांनी केली, पण वाराईवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवर, जगणाऱ्या त्या घरात आठवडाभर काय शिजणार हा प्रश्न केवळ त्या दोन पानांमुळे आमच्यापुढे आला. गाडी चालवणाऱ्यांची पाळी लावून डायलिसिसची सोय झाली. काम बंद केलेल्या मावशींची नावेही शेवटच्या पानांवर आली आणि त्यांचा पगार चालू ठेवायचा ठराव झाला. सर्वांनी तो पाळला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

जूनमध्ये आमच्याकडे पहिला रुग्ण निघाला. विंग सील झाली. आशाताई आणि नागरी आरोग्य केंद्रातील एएनएम (साहाय्यक परिचारिका) निकट संपर्कातील लोकांची यादी करायला आल्या. रुग्ण तरुणाने घरचे तिघे सांगितले आणि थांबला. समितीतल्या भाडेकरू मुलाला मात्र ठाऊक होते की चार जण रोज रात्री गच्चीवर पत्ते खेळत बसतात. ते सांगायला घाबरत होते, कारण गच्चीला कुलूप लावण्याचा आणि दंडाचा ठराव आमचाच होता. त्याने त्यांना समजावले, आम्ही दंड रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी चौघांनी स्वतःहून नावे दिली. त्यांपैकी दोघे बाधित निघाले. महापालिकेकडे चाचण्या होत्या, रुग्णवाहिका होती, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात उभारलेले सुमारे १२०० खाटांचे कोविड केंद्र होते. पण गच्चीवर रात्री कोण बसते हे महापालिकेला कसे कळणार? मोठ्या यंत्रणेला जे कळू शकत नाही ते कळणे आणि जे कळले त्याचा धाक न करणे, एवढ्यावर स्थानिक समितीचे सारे महत्त्व उभे असते.

धाकाचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला, आणि पुढच्या वर्षी मुंबईत व पुण्यात खास प्लेग समित्या नेमल्या गेल्या. नावाने त्याही समित्याच होत्या. पुण्यात सैनिक घरात शिरून झडती घेत, माणसांना ओढून छावण्यांत नेत, देवघरे विस्कटत. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लोक रुग्ण लपवू लागले, गाव सोडून पळाले आणि आपल्याबरोबर साथही घेऊन गेले. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या, डॉक्टर असलेल्या यशवंतांच्या दवाखान्यात रुग्ण नेऊन पोहोचवत होत्या, आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रोग एक, शहर एक. रुग्णाच्या दाराशी कोण आणि कसे जाते यावर दार उघडणार की आतून कडी लागणार हे ठरत होते. मुंबईतही पुढे निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग-रुग्णालये चालवली, आणि तिथे माणसे तुलनेने निर्धास्तपणे दाखल होत.

माझे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. २०२० च्या गणपतीला चाकरमानी यायचे की नाहीत, यावर रत्नागिरी जिल्ह्यात मोठा ताण होता, आणि गावोगावची ग्राम कृती दले तो ताण सांभाळत होती. माझा धाकटा भाऊ आमच्या वाडीच्या दलात होता. मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांच्या घरी वेगळा संडास आहे का, नसेल तर शाळेच्या कोणत्या वर्गात सोय करायची, तिथे पाणी कोण भरणार, डबा कोणाकडून जाणार, हे सारे त्याच्या तोंडपाठ असे. काही गावांनी रस्त्यावर झाडे आडवी टाकून स्वतःच्याच माणसांना अडवले, हेही त्याच काळातले. ओडिशा सरकारने एप्रिल २०२० मध्ये सरपंचांना पंचायतीच्या हद्दीत जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार दिले, तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. माझ्या गेटवरचा अनुभव ताजा होता.

शहरात तर अधिकार द्यायचा ठरवला तरी घ्यायला कुणी नव्हते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. नागरिक आणि महापालिका यांच्यामधला तोच घटनात्मक दुवा. नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, महामारीमुळेच निवडणूक पुढे गेली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. ज्या महिन्यांत प्रभागातील प्रत्येक गल्लीला एक ओळखीचा, उत्तर देण्यास बांधील माणूस हवा होता, त्याच महिन्यांत ती खुर्ची रिकामी होती. अधिकाऱ्यांनी अपार कष्ट केले, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याने दिवसाचे अठरा तास काम केले, तरी त्याला डी विंगचा माथाडी दिसत नाही. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती प्राधिकरणाची तरतूद झाली. ही चांगली गोष्ट आहे. पण त्याचेही अध्यक्षपद आयुक्तांकडेच आहे. आयुक्तांपासून गल्लीपर्यंतचे अंतर कायद्याच्या दृष्टीने अजून मोकळेच आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक घरोघर तापमान व ऑक्सिजन मोजायला आले. आमच्याकडचे काम वहीमुळे एका सकाळीच आटोपले, म्हणून पथकातील ताईंनी वही हातात घेऊन पाहिली. त्यांनी कौतुक केले. मला अभिमान वाटला, आणि बहुधा तेव्हापासूनच वहीकडे माझे दुर्लक्ष सुरू झाले. रुग्ण कमी झाले, लस आली, फेब्रुवारी २०२१ पर्यंत समितीची बैठकही होईनाशी झाली.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली ती एकाच आठवड्यात सहा घरांत शिरली. एका रात्री सी विंगमधील एका बाईंचा ऑक्सिजन ८८ वर आला. परिचारिकेने फोनवरून त्यांना पालथे झोपवायला लावले आणि पहाटेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी आकडा विचारत राहिली. सकाळी वॉर रूममार्फत त्यांना खाट मिळाली. बारा दिवसांनी त्या घरी आल्या. ए विंगमधील आजोबा परत आले नाहीत. ते एकटे राहत. त्यांना रुग्णालयात पोहोचवले तेव्हा ते बोलत होते, आणि मुलाशी एकदा बोलायचे आहे असे त्यांनी रुग्णवाहिकेत आमच्या भाडेकरू मुलाला सांगितले. त्यांचा स्वतःचा फोन घाईत घरीच राहिला होता. वहीतील त्यांच्या पानावर नागपूरच्या मुलाचा क्रमांक होता. तो मी लावला. क्रमांक अस्तित्वात नाही, असे उत्तर आले. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. कुलूप लावलेल्या घरातून फोन आणून, सोसायटीच्या जुन्या कागदांतून कुणा भाच्याचे नाव शोधून मुलापर्यंत पोहोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर आजोबांना व्हेंटिलेटरवर घेतले होते. ते पुन्हा बोलू शकले नाहीत.

मुलाने मला कधी दोष दिला नाही. त्याने मागच्या दिवाळीत क्रमांक बदलला होता आणि वडिलांनी आम्हाला कळवले नव्हते, असे तो म्हणाला. परंतु कारखान्यात आम्ही दर सहा महिन्यांनी तालीम घेत असू, तेव्हा पहिले काम सायरन वाजवण्याचे नसे. संपर्कयादीतील प्रत्येक क्रमांक लावून पाहण्याचे असे. बदललेला क्रमांक सापडला की त्यावर लाल रेघ मारून नवा लिहायचा आणि शेजारी तारीख घालायची. संकट नसलेल्या महिन्यांतले ते कंटाळवाणे काम हाच त्या गटाचा गाभा होता, आणि मी कित्येक महिने वही कपाटात ठेवून दिली होती.

२०२२ च्या वार्षिक सभेत समिती कायम ठेवण्याचा ठराव मी मांडला. पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले. दुसऱ्या वर्षीही तसेच ठरले. एका सदस्यांनी खासगी माहितीचा मुद्दा काढला, आणि तो योग्य होता. त्यानंतर आजारांची पाने वेगळी करून बंद पाकिटात ठेवली जातात, आणि ज्याला द्यायची नसेल त्याच्यावर सक्ती नाही. ठराव अजून झालेला नाही. परिचारिका लग्नानंतर पनवेलला राहायला गेली. वही मात्र दर जूनमध्ये, पावसाळ्याआधी, आम्ही चौघे मिळून घरोघर नेतो. पाणी तुंबले, आग लागली किंवा महापेच्या कारखान्यांच्या बाजूने कधी वास आला, तरी लागणारी पाने तीच आहेत.

यंदा परिचारिकेच्या जुन्या घरात एक नवे जोडपे राहायला आले आहे. दोघेही ऐरोलीला नोकरी करतात आणि आजी त्यांच्याबरोबर असते. त्या तरुणाने गावाकडच्या मावसभावाचा क्रमांक सांगितला, मी तो लिहिला आणि तिथेच दारात उभा राहून लावला. "काका, आत्ता कशाला?" असे तो विचारत होता, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. मी फोन त्याच्या हातात दिला. ते दोघे बोलत असताना आजी आतून औषधांचा डबा घेऊन आली आणि एकेक पाकीट माझ्यासमोर धरू लागली. नावे बारीक अक्षरांत होती, म्हणून मी चष्मा काढून पुसला आणि लिहायला घेतली.